प्लॉटसाठी पीएफ मोडू का?

ताई, नमस्कार. मी ४७ वर्षांचा आहे. अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बेसिक ३० हजार, हातात ६८ हजार येतात. सिडकोतल्या फ्लॅटचा १४,५०० चा हप्ता अजून चार वर्षं आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, बायको घरी शिवणकाम करून सात-आठ हजार मिळवते. हप्ता आणि फी सोडून घरखर्च ३२ हजार होतो. पीएफमध्ये १४ लाख आहेत. सातपूरला २००६ ते २०१२ नोकरी केली, तिथला पीएफ तसाच पडून आहे. पतसंस्थेत सहा लाखांची ठेव आहे. एलआयसीच्या दोन एंडोमेंट पॉलिसींचा वर्षाला ३८ हजार हप्ता जातो. २०१८ ला म्युच्युअल फंडात दरमहा तीन हजारांची एसआयपी सुरू केली होती, मार्च २०२० मध्ये बाजार पडला तेव्हा घाबरून बंद केली आणि तोट्यात पैसे काढले. आता मेहुणे त्र्यंबक रोडच्या एका प्लॉटसाठी मागे लागलेत. म्हणतात, सिंहस्थामुळे भाव दुप्पट होणार. १८ लाखांचा आहे. दहा पीएफमधून, सहा पतसंस्थेतून, दोन हातउसने असा विचार आहे. विमा एजंट वेगळंच सांगतात, पेन्शन प्लॅन घ्या म्हणून. ५८ ला निवृत्ती आहे. महिन्याला दहा हजार बाजूला टाकू शकतो. उशीर झाला का? कृपया नाव छापू नये.

— एक वाचक, नाशिक

नमस्कार भाऊ,

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देते. प्लॉटसाठी पीएफला हात लावू नका. मेहुण्यांचा हेतू चांगला असेल, त्र्यंबक रोडचे भाव वाढतीलही. तरीही लावू नका. का ते सविस्तर सांगते, कारण घरात हा विषय निघेल तेव्हा तुमच्या हाताशी आकडे असायला हवेत.

पीएफवर सध्या ८.२५ टक्के व्याज आहे. दर असाच राहिला तर आज काढलेले दहा लाख हे तुमच्या ५८ व्या वर्षीचे जवळजवळ २४ लाख आहेत. घरात बोलताना दहा नव्हे, हा २४ लाखांचा आकडा धरायचा. दहा लाख आत राहिले, तर तुमचे १४ लाख अकरा वर्षांत साडेतेहतीस होतात. दरमहा तुमचे ३,६०० आणि कंपनीचे २,३५० मिळून आणखी बारा लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे पगार एक रुपयाही वाढला नाही असं धरलं तरी ४५ लाख.

कंपनीचेही बारा टक्के असताना तिकडून ३,६०० का येत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये जातात. या पेन्शनबद्दल कंपनीतल्या लोकांच्या मनात फार मोठ्या आशा असतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पेन्शन मोजताना पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीसाठी फक्त ६,५०० धरतात. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. तुमचं गणित महिन्याला सहा हजारांच्या आसपास बसतं, तेही सातपूरची सहा वर्षं धरली तर. शिवाय सरकारी पेन्शनसारखा त्यावर महागाई भत्ता नाही. ५८ व्या वर्षी जे सहा हजार मिळतील, तेच ७५ व्या वर्षीही सहा हजार असतील.

म्हणून पहिलं काम सातपूरचं. तुमची ती नोकरी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, सुरू होण्याच्या आधीची आहे, त्यामुळे जुना पीएफ नंबर तुमच्या आताच्या यूएएनला आपोआप जोडला गेला नसण्याची शक्यता मोठी आहे. जुनी पगारपावती, नेमणूक पत्र, पीएफची वार्षिक चिठ्ठी, जे मिळेल ते शोधा आणि ट्रान्सफरचा अर्ज करा. शिल्लक रक्कम छोटी असेल, तरी महत्त्व सहा वर्षांच्या सेवेला आहे. ती जोडली गेली नाही तर पेन्शन २०१२ पासूनच मोजली जाईल. कंपनी बंद पडली असेल तर कागद जमवायला वेळ लागतो. ५७ व्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा हे या महिन्यात सुरू करा.

आता खर्चाची बाजू. आजचे ३२ हजार, महागाई सहा टक्के धरली तर तुमच्या निवृत्तीच्या वेळी ६० हजार होतात. तेवढंच वाणसामान, तेवढंच दूध-भाजी, तेवढीच औषधं. त्यातून पेन्शनचे सहा हजार वजा केले की महिन्याला ५४ हजारांची सोय तुमच्या साठवणीतून व्हायला हवी. निवृत्तीचा विचार करताना ‘किती लाख जमले’ यापेक्षा ‘दर महिन्याला हातात किती येणार आणि किती वर्षं येणार’ हे मी आधी विचारते. प्लॉटचं भांडण नेमकं इथे आहे. प्लॉट दर महिन्याला काही देत नाही. उलट घरपट्टीसारखा कर, कुंपण, अतिक्रमणावर लक्ष, हे आपल्यालाच करावं लागतं. शिवाय महिन्याच्या खर्चासाठी त्याचा एक कोपरा तोडून विकता येत नाही. विकायचा तर सगळा, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा.

सिंहस्थाचं म्हणाल तर तो २०२७ मध्ये आहे हे तुम्हाला, मला, मेहुण्यांना आणि तो प्लॉट विकणाऱ्यालाही माहीत आहे. रस्ते होणार, सोयी वाढणार, ही आशा १८ लाखांत आधीच धरलेली आहे. भाव खरोखर दुप्पट झाला तरी तो कागदावर. त्या वेळी विकून पैसे पुन्हा गुंतवाल का, की ‘अजून वाढेल’ म्हणून धरून ठेवाल? आपल्याकडे जमीन घेणारे पुष्कळ भेटतात, ठरवलेल्या वेळी विकून मोकळे होणारे फार थोडे. आणि घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, विकताना पुन्हा दलाली आणि नफ्यावर कर, हे हिशोबात कुणीच धरत नाही. तो प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, विकास आराखड्यात आरक्षण पडलंय का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, तुकडेबंदीत अडकतोय का, हे प्रश्न तर वेगळेच. मेहुण्यांना स्वतःला घ्यायचा असेल तर त्यांनी आधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा, एवढं माझ्या वतीने सांगा.

तुमचा फ्लॅट आहे. म्हणजे स्थावर मालमत्तेत तुमची गुंतवणूक आधीच झालेली आहे, आणि ती चार वर्षांत कर्जमुक्त होते आहे. दुसऱ्या जागेची तुम्हाला गरज नाही.

पतसंस्थेतल्या सहा लाखांबद्दल मला जास्त काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो की नागरी सहकारी, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी आपण हे संरक्षण सोडून देतो, आणि ठेव ठेवताना काउंटरवर हे कुणी सांगत नाही. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेल, संचालक ओळखीचे असतील. तरी आयुष्यभराच्या साठवणीतले सहा लाख तिथे असू नयेत. मुदत संपेल तशी ठेव काढा. मुदत दूर असेल तर मुदतीआधी काढल्यावर व्याज किती कापतात ते विचारा, आणि थोडं कापलं गेलं तरी काढा.

त्यातले दोन लाख राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळी एफडी करून ठेवा, अडीअडचणीसाठी. कंपनीत ले-ऑफ आला, घरात आजारपण आलं, तर पीएफकडे न बघता ते वापरता यावेत. उरलेले चार लाख वहिनींच्या नावाने पीपीएफमध्ये टाका. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, म्हणून दीड, दीड आणि एक असे तीन आर्थिक वर्षांत भरा. त्यानंतर दर वर्षी किमान ५०० रुपये भरून खातं चालू ठेवायचं. सध्याचा दर ७.१ टक्के आहे आणि व्याज करमुक्त आहे. पंधरा वर्षांनी साधारण साडेदहा लाख होतील, आणि तुम्ही तेव्हा ६२-६३ चे असाल. भरताना एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरा. पीपीएफमध्ये ५ तारखेनंतरच्या भरण्यावर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

तुमचे महिन्याचे दहा हजार मात्र एसआयपीतच जायला हवेत. २०२० चा अनुभव मनात आहे हे पत्रातून कळतंय, म्हणून तेव्हा काय घडलं ते पुन्हा बघू. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक बारा हजारांच्या वर होता. २३ मार्चला तो ७,६०० च्या आसपास आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो जुन्या उच्चांकाच्या वर गेला होता. त्या आठ महिन्यांत काहीच केलं नसतं तर नुकसान झालं नसतं, आणि तीन हजारांचा हप्ता चालू राहिला असता तर स्वस्तात युनिट मिळाले असते. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या मार्चमध्ये नोकरी टिकेल की नाही हेच माहीत नव्हतं. तेव्हा तुमच्याजवळ अडचणीसाठी वेगळी रक्कम नव्हती, म्हणून भीतीने निर्णय घेतला. ते दोन लाख मी आधी बाजूला काढायला सांगितले ते याचसाठी.

फंड निवडताना गुंतागुंत नको. निफ्टी ५० चा एखादा इंडेक्स फंड घ्या. त्यात देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या येतात, फंड मॅनेजर कोण हे बघावं लागत नाही आणि खर्च कमी असतो. घेताना डायरेक्ट प्लॅन घ्या. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन तुमच्या पैशातून जातं. वर्षाला अर्ध्या टक्क्याचा फरक धरला तर दहा हजारांच्या एसआयपीत अकरा वर्षांत तो पाऊण लाखाच्या घरात जातो. ऑनलाइन करणं अवघड वाटत असेल तर लेकीला शेजारी बसवा, पण खातं, ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा.

दहा टक्के परतावा धरला, जो मिळेलच असं कुणीही लिहून देऊ शकत नाही, तर अकरा वर्षांत २४ लाख होतात. दर वर्षी पगारवाढ झाली की हप्ताही दहा टक्क्यांनी वाढवला, तर तीच रक्कम ३५ लाखांच्या वर जाते. चार वर्षांनी घराचा हप्ता संपेल तेव्हा ते १४,५०० खर्चात मुरू देऊ नका. अर्धे एसआयपीत, अर्धे व्हीपीएफमध्ये, म्हणजे स्वतःच्या इच्छेने वाढवलेल्या पीएफ वर्गणीत. सात वर्षांत त्याचे साधारण १७ लाख होतील.

आता सगळं एकत्र करू. पीएफ ४५, एसआयपी २४, हप्त्याच्या पैशातून १७, आणि ग्रॅच्युइटीचे आजच्या बेसिकने चार लाख. झाले नव्वद लाख. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण महिन्याला ५४ हजार काढायचे, ते दर वर्षी महागाईप्रमाणे वाढवायचे, आणि उरलेल्यावर आठ टक्के मिळत राहायचे, तर हे पैसे तुमच्या चौऱ्याहत्तरी-पंचाहत्तरीपर्यंत पुरतात. प्लॉटसाठी दहा लाख काढलेत तर सत्तरीपर्यंतच. पीएफवर माझा एवढा जीव का, ते या पाच वर्षांत आहे.

पंचाहत्तरी पुरेशी नाही हे मलाही दिसतंय. वहिनी तुमच्याहून लहान असतील, त्यांचा हिशोब नव्वदीपर्यंत करायला हवा. त्यासाठी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, हप्ता दर वर्षी वाढवणं. दोन, ५८ नंतर चार वर्षं काहीतरी काम. क्वालिटीतला तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला अंबड, सातपूर, सिन्नरमध्ये ऑडिटचं, तपासणीचं, नव्या मुलांना शिकवायचं अर्धवेळ काम मिळू शकतं. तेव्हाचे महिना ३० हजार म्हणजे आजचे सोळा हजारच. तेवढे चार वर्षं मिळाले आणि एसआयपीचा हप्ता वाढत राहिला, तर पैसे ऐंशीपर्यंत जातात. त्यावर वहिनींचं पीपीएफ आणि पॉलिसींचे पैसे. इतकं जमलं तर मला काळजी वाटणार नाही. तेव्हा उशीर झाला का, तर थोडा झालाय, पण अकरा वर्षं हातात आहेत.

५५ पासून एसआयपीत साठलेले पैसे थोडे थोडे सुरक्षित जागी हलवायचे, हे आत्ताच डायरीत लिहून ठेवा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली जाऊन आला. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचे सगळे पैसे शेअर बाजारात असते तर थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. तुमच्याकडे आज वेळ आहे, ५७ व्या वर्षी नसेल.

निवृत्तीनंतर पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्या कामाची आहे. सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज, मर्यादा ३० लाख. आजच्या दराने ३० लाखांवर महिन्याला सरासरी साडेवीस हजार पडतात. ही योजना साठीनंतर असते, पण ५५ नंतर निवृत्त होणाऱ्याला आधीही मिळते. मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत भरावे लागतात. ही मुदत चुकली तर साठीपर्यंत थांबावं लागेल.

एजंटांच्या पेन्शन प्लॅनला नम्रपणे नाही म्हणा. ‘टॅक्स वाचतो’ हे कारण तर आता तुम्हाला लागूच नाही. नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर भरावा लागत नाही आणि तुमचं उत्पन्न त्याच्या बरंच आत आहे. आहेत त्या दोन पॉलिसींची पेड-अप (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर) आणि सरेंडर (आत्ता मोडली तर) किंमत शाखेतून लेखी मागवा. मुदत पाच-सहा वर्षांत संपणार असेल तर चालू द्या. जास्त राहिली असेल तर पेड-अप करून तो हप्ता एसआयपीत वळवणं मला योग्य वाटतं, कारण अशा पॉलिसींचा परतावा बहुधा पाच-सहा टक्क्यांत अडकतो. पण त्याआधी साठीपर्यंतचा ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या आणि तो मंजूर होऊन हातात येऊ द्या. तुमच्यामागे गृहकर्ज आणि लेकीचं शिक्षण आहे. तसंच स्वतःचा आरोग्य विमाही आत्ता घ्या. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते थांबणं नोकरीत असताना होऊन जावं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमचा स्वभाव बघून सांगते. त्याचा खर्च फार कमी असतो आणि पैसे सहजासहजी काढता येत नाहीत. निवृत्तीच्या वेळी काही हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, घालावा लागतो आणि ती रक्कम सहसा महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून माझी पहिली पसंती एसआयपीला आहे. पण पुढच्या पडझडीत पुन्हा हात थरथरतील अशी खात्री वाटत असेल, तर दहातले तीन-चार हजार तिथे टाका. आज उठून काढता येत नाहीत, हाच तुमच्यासाठी त्याचा फायदा.

सोनं लेकीसाठी घ्यायचं तेवढं घ्या, निवृत्तीच्या हिशोबात धरू नका. भिशीतही हे पैसे नकोत.

शेवटचं काम एका संध्याकाळचं आहे. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन झालंय का बघा. लग्नाआधी भरलेल्या जुन्या फॉर्मवर आई-वडिलांचंच नाव राहून गेलेलं असतं. बँक, फंड, पॉलिसी, सगळीकडे वहिनींचं नाव तपासा आणि खात्यांची यादी एका वहीत लिहून ती त्यांना दाखवा. तुमच्या पश्चात ईपीएसची पेन्शन त्यांना साधारण निम्मीच मिळेल, हेही त्यांना सांगा, म्हणजे पीपीएफचं खातं त्यांच्याच नावाने का, हा प्रश्न घरात येणार नाही. पॉलिसींचे कागद मिळाले की मुदतीच्या तारखा आणि सरेंडरचे आकडे मला पाठवा, त्यातली कुठली ठेवायची ते मी नक्की सांगेन.